तालुक्याच्या कोर्टातला सरकार पक्ष

महाराष्ट्रात कुठे अमानुष खून झाला, एखाद्या मुलीवर अत्याचार झाला की मोर्चे निघतात, बाजारपेठ बंद होते आणि तहसीलदारांना दिलेल्या निवेदनात तीन मागण्या हमखास असतात. आरोपींना फाशी द्या, खटला जलदगती न्यायालयात चालवा, विशेष सरकारी वकील नेमा. तिन्हींमागचा संताप खरा असतो. पण तिसऱ्या मागणीत एक कबुली दडलेली आहे. ज्या जिल्ह्यात सरकारने वकील आधीच नेमलेले आहेत, तिथे लोक बाहेरून नामांकित वकील मागतात. नेहमीच्या सरकारी वकिलाकडून आपल्याला न्याय मिळेल, असं त्यांना वाटत नाही. हा अविश्वास आपण इतका अंगवळणी पाडून घेतला आहे की त्याची चर्चाही होत नाही.

ती व्हायला हवी, कारण हिंसक गुन्हे कमी करण्याची जी ताकद त्या नेहमीच्या वकिलाच्या पदात आहे, ती विशेष वकिलाच्या नेमणुकीत नाही. विशेष वकील येतो तेव्हा माणूस मेलेला असतो. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या कोर्टात रोज उभा राहणारा सरकारी वकील मात्र ती हिंसा लहान असतानाच पाहतो. मारहाणीच्या, धमकीच्या, बायकोला छळल्याच्या, कोयता घेऊन फिरल्याच्या फायली त्याच्याच हातून जातात. त्या फायलींचं काय होतं, यावर पुढचे कितीतरी खून अवलंबून असतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे 2022 सालचे आकडे बघा. त्या वर्षी देशात खुनाच्या 28,522 गुन्ह्यांची नोंद झाली. महाराष्ट्रातली संख्या 2,295 होती, उत्तर प्रदेश आणि बिहारच्या खालोखाल. या खुनांमागचं सर्वांत मोठं कारण ‘वाद’ हे होतं, 9,962 प्रकरणांत. त्यानंतर वैयक्तिक वैमनस्य, 3,761 प्रकरणांत. पैशाच्या किंवा अन्य लाभासाठी झालेले खून 1,884 होते. म्हणजे देशातले जवळपास निम्मे खून जुन्या-नव्या भांडणांतून आणि वैरातून झाले. मारणारा आणि मरणारा बहुतेक वेळा एकमेकांना ओळखत होते. अनोळखी अंधारातून येणाऱ्या मारेकऱ्याची भीती आपल्या मनात मोठी असते, पण महाराष्ट्रातला खून बांधावरून, भाऊबंदकीतून, दारूच्या गुत्त्यावरून, उधारीवरून, गल्लीतल्या वर्चस्वावरून आणि घराच्या चार भिंतींत होतो. वैराला इतिहास असतो, आणि त्या इतिहासाचा काही भाग पोलीस ठाण्याच्या नोंदींत आणि दंडाधिकाऱ्याच्या बोर्डावर सापडू शकतो.

शेताच्या बांधावरून होणारी मारामारी घ्या. पहिल्यांदा शिवीगाळ होते, पोलीस ती अदखलपात्र म्हणून लिहून घेतात. दुसऱ्यांदा कुऱ्हाडीच्या दांड्याने डोकं फुटतं. आता गुन्हा दाखल होतो, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 324 खाली व्हायचा, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 118 खाली होतो. ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर जखमेचा दाखला देतो. हवालदार जबाब लिहितो, त्यातले निम्मे एकाच साच्यातले. पंच म्हणून ठाण्याभोवती नेहमी असणारे दोघे सह्या करतात. दोषारोपपत्र दाखल होतं आणि प्रकरण तारखांवर जातं. चार-पाच वर्षांनी साक्षी सुरू होतात तेव्हा डॉक्टरची बदली झालेली असते, पंचांना काही आठवत नसतं आणि फिर्यादीवर गावकीचा दबाव असतो. सरकारी वकिलाने फाइल बहुधा त्याच सकाळी उघडलेली असते. फिर्यादी सांगतो, अंधार होता, कुणी मारलं दिसलं नाही. त्याला फितूर घोषित केलं जातं, आरोपी निर्दोष सुटतो. तो गावात परततो तेव्हा सगळ्या शिवाराला एक गोष्ट कळलेली असते, डोकं फोडलं तरी काही होत नाही. पुढच्या वेळी कुऱ्हाड दांड्याकडून पडत नाही.

घरातल्या हिंसेचं तेच. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा स्त्रीला न्यायालयाकडून संरक्षण आदेश मिळवून देतो. तो आदेश मोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आदेश मोडून नवरा दारात येऊन उभा राहतो, ती पुन्हा तक्रार करते, तेव्हा त्या तक्रारीकडे नवरा-बायकोचं भांडण म्हणून पाहायचं की जीव जाण्याआधीची सूचना म्हणून, हे ठरवणाऱ्यांत सरकारी वकील एक असतो. त्याने ती फाइल गंभीरपणे उचलली तर एक वर्षाच्या शिक्षेचं हे साधं कलम एका स्त्रीचा जीव वाचवू शकतं. नंतर खुनाच्या खटल्यात जन्मठेप मिळवून तो वाचत नाही.

सेझारे बेकारिया या इटालियन विचारवंताने 1764 साली गुन्हे आणि शिक्षा यांवरचं आपलं पुस्तक लिहिलं. शिक्षेची क्रूरता नव्हे, तिची खात्री आणि तत्परता माणसाला गुन्ह्यापासून रोखते, हा त्याचा मुद्दा होता. अडीच शतकांच्या अभ्यासानंतर गुन्हेशास्त्राचा कौल साधारण त्याच बाजूचा आहे. कैद दहा वर्षांवरून वीस वर्षांवर नेल्याने जितका धाक वाढतो, त्यापेक्षा आपण नक्की पकडले जाऊ आणि त्याचे परिणाम लवकर भोगावे लागतील या जाणिवेने कितीतरी जास्त वाढतो. पकडणं हे पोलिसांचं काम. पण पकडल्यानंतर वर्षानुवर्षं काहीच घडत नसेल, तर अटक ही मारणाऱ्याच्या लेखी चार दिवसांची गैरसोय ठरते. अटकेला अर्थ देण्याचं काम न्यायालयात होतं, आणि तिथे राज्याच्या वतीने बोलणारा एकच माणूस असतो.

हा माणूस कोण, हे बहुतेकांना नीट माहीत नसतं. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात सहायक सरकारी अभियोक्ता असतो. नियमित पदावर तो लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतो. सत्र न्यायालयात जिल्हा सरकारी वकील आणि त्याचे सहकारी असतात. ते वकिलीतूनच ठरावीक मुदतीसाठी नेमले जातात, आणि राज्यात सत्ता बदलली की या नेमणुकांचं वारं फिरतं. उत्तर प्रदेश सरकारने 1990 मध्ये सगळ्या जिल्ह्यांतल्या सरकारी वकिलांना एका फटक्यात दूर केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ते मनमानी ठरवून रद्द केलं, कारण सरकारी वकील हा सत्ताधाऱ्यांचा खासगी वकील नाही, त्याच्या पदाला सार्वजनिक स्वरूप आहे.

पोलिसांपासून या वकिलाची सुटका व्हायलाही फार वेळ लागला. जुन्या व्यवस्थेत पोलीस खात्यातलेच अधिकारी दंडाधिकाऱ्यांपुढे खटले चालवत. तपास करणारा आणि तो तपास पारखून न्यायालयात मांडणारा एकाच खात्याचे असू नयेत, हे विधी आयोगाने 1958 च्या आपल्या चौदाव्या अहवालातच सुचवलं होतं. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने त्या दिशेने पाऊल टाकलं, तरी महाराष्ट्रात सहायक अभियोक्त्यांवर पोलीस खात्याचं नियंत्रण राहिलंच. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं की या अभियोक्त्यांचं वेगळं खातं करा आणि त्यांना पोलिसांच्या अमलातून मोकळं करा. आज राज्यात अभियोग संचालनालय आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 20 ने त्याच्या जबाबदाऱ्याही आखून दिल्या. दहा वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांवर संचालकाची देखरेख, सात ते दहा वर्षांच्या गुन्ह्यांवर उपसंचालकाची, सात वर्षांखालच्या गुन्ह्यांवर सहायक संचालकाची. पोलिसांचा अहवाल तपासून पाहण्याचं कामही उपसंचालकाकडे दिलं आहे. कायद्याने दार उघडलं आहे. त्यातून आत जाऊन जिल्ह्याच्या पातळीवर काय उभं करायचं, हे आता आपल्यावर आहे.

दुसरीकडे काय होऊ शकतं, याचा एक दाखला बोस्टनचा आहे. 1990 च्या दशकात त्या शहरात तरुण मुलांचे खून वाढले होते. अभ्यासातून दिसलं की शहरातल्या तरुणांपैकी एक टक्क्याहून कमी मुलं टोळ्यांमध्ये होती आणि तरुणांच्या खुनांपैकी निदान 60 टक्के त्यांच्याशी जोडलेले होते. पोलीस, स्थानिक आणि केंद्रीय अभियोक्ते, परिवीक्षा अधिकारी, वस्तीत काम करणारे कार्यकर्ते आणि चर्चमधले धर्मगुरू एकत्र आले. 1996 मध्ये त्यांनी टोळीतल्या मुलांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, गोळीबार झाला तर सगळ्या यंत्रणेचं लक्ष तुमच्यावर येईल, आणि यातून बाहेर पडायचं असेल तर शिक्षण, काम, मदत आम्ही देऊ. अभ्यासकांनी तरुणांच्या खुनांत 63 टक्के घट मोजली. तिचं किती श्रेय या उपक्रमाला द्यायचं, यावर वाद झाले. हा उपक्रम जसाच्या तसा इथे आणावा असं मी म्हणणार नाही. तिथला जिल्हा अभियोक्ता निवडून आलेला असतो, कुणावर कोणता आरोप ठेवायचा हे तोच ठरवतो. आपल्याकडे तो अधिकार पोलिसांच्या दोषारोपपत्राचा आणि न्यायालयाचा आहे. शिवाय एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या टोळीवर बडगा उगारण्याची कल्पना आपल्या वस्त्यांत निरपराधांच्या अंगावर यायला वेळ लागणार नाही. घ्यायचं ते एवढंच की हिंसा सगळीकडे सारखी पसरलेली नसते. ती थोड्या माणसांभोवती, थोड्या ठिकाणी साचते, आणि अभियोक्त्याला ते माहीत असेल तर शंभर फायलींतल्या कोणत्या दहांवर जीव तोडून काम करायचं, हे तो ठरवू शकतो.

पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या पोरांच्या टोळ्यांबद्दल गेल्या काही वर्षांत आपण भरपूर वाचलं. उपाय म्हणून धिंड, तडीपारी, मोक्का यांचीच चर्चा झाली. रस्त्यावर धिंड काढल्याने लोक टाळ्या वाजवतात, पण तिला कायद्याचा आधार नाही. तडीपारीने मुलगा शेजारच्या तालुक्यात जातो. मोक्का हा संघटित गुन्हेगारीसाठी केलेला 1999 चा कायदा आहे; गल्लीतल्या प्रत्येक टोळक्याला तो लावला की खटला लांबतो आणि शेवटी न्यायालयात टिकत नाही. वाहनं फोडणं, दुकानदाराला धमकावणं, मारहाण, शस्त्र बाळगणं यांचे साधे खटले सहा-आठ महिन्यांत निकाली निघाले, तर त्याचा धाक या सगळ्यांहून जास्त बसेल. आणि ज्या मुलांनी पहिल्यांदाच पाऊल घसरू दिलं आहे त्यांना परिवीक्षेवर, समुपदेशनावर, समाजसेवेच्या शिक्षेवर परत आणता येईल. समाजसेवा ही शिक्षा म्हणून नव्या न्याय संहितेने काही किरकोळ गुन्ह्यांसाठी मान्यही केली आहे. कुणाला तुरुंगाबाहेर ठेवायचं आणि कुणाबाबत तडजोड करायची नाही, हा विवेक सरकारी वकिलाने न्यायालयापुढे मांडायचा असतो.

त्याची पहिली कसोटी जामिनाच्या अर्जावर लागते. आपल्या न्यायालयांत अर्जावर सरकार पक्षाचा ‘से’ (लेखी म्हणणं) मागवला जातो. तो बऱ्याचदा छापील असतो: आरोपी फरार होईल, साक्षीदारांवर दबाव आणेल, जामीन देऊ नये. पाकीटमाराच्या अर्जावर आणि साक्षीदाराच्या घरासमोर तलवार नाचवणाऱ्याच्या अर्जावर एकच वाक्य लिहिलं तर न्यायाधीशाने कोणतं खरं मानायचं? ज्याच्यावर मारहाणीचे तीन गुन्हे आहेत, ज्याने फिर्यादीला गाठून धमकी दिली आहे, त्याच्या बाबतीत त्या गुन्ह्यांची यादी, धमकीची तक्रार, फिर्यादीचं म्हणणं, हे सगळं ‘से’मध्ये आलं पाहिजे. आणि ज्याला कोठडीत ठेवण्याचं कारण नाही, त्याच्या जामिनाला विरोध न करण्याचं धैर्यही सरकारी वकिलाने दाखवलं पाहिजे. हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1994 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या कोठडीची मुदत वाढवण्याबाबत हेच बजावलं होतं. पोलिसांनी दिलेला कागद पुढे सरकवण्यापुरता अभियोक्ता नसतो, त्याने स्वतःचं डोकं लावून स्वतंत्र अहवाल द्यायचा असतो.

दुसरी कसोटी पुराव्याची. गुन्ह्याचा तपास हा पोलिसांचा प्रांत आहे. दोषारोपपत्र दाखल करण्याआधी सरकारी वकिलाचं मत घ्या, असा आदेश न्यायालय तपास अधिकाऱ्याला देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सरला विरुद्ध वेलू या प्रकरणात स्पष्ट केलं. ही मर्यादा रास्त आहे. पण सक्ती नसली तरी सल्ल्याला कुणी मनाई केलेली नाही, आणि त्या सल्ल्याअभावी खटले कसे पडतात याची उदाहरणं जिल्ह्याजिल्ह्यांत सापडतील. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं बघा. जालन्याच्या एका निवडणूक वादातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात 2020 साली ठरलं की मूळ उपकरण न्यायालयात आणलं नसेल तर चित्रफितीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आज चौकातल्या हाणामारीचा सर्वांत भक्कम साक्षीदार समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही असतो. ते प्रमाणपत्र दोषारोपपत्रासोबत आलं आहे का, हे दाखल होण्याच्या दिवशी पाहिलं तर दुरुस्ती होते. पाच वर्षांनी युक्तिवादाच्या दिवशी लक्षात आलं तर दुकान बंद झालेलं असतं. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, असं नवी नागरिक सुरक्षा संहिता सांगते, आणि ही तरतूद अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतचा अवधीही देते. त्या तज्ज्ञाने उचललेला नमुना प्रयोगशाळेतून कधी परत येतो, याचा पाठपुरावा कुणी केला नाही तर तरतूद कागदावर राहील.

तिसरी कसोटी सर्वांत अवघड, साक्षीदाराची. साक्षीदार फितूर का होतो? तो लबाड असतो म्हणून, हे सोपं उत्तर आहे. खरं उत्तर असं की त्याला त्याच गावात राहायचं असतं. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा इथे 2014 मध्ये सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. साऱ्या महाराष्ट्राने निषेध केला, नेते भेटून गेले. खटला उभा राहिला तोवर महत्त्वाचे साक्षीदार उलटले होते, आणि 2017 मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. जातीचं बळ, जमिनीचं बळ, गावातली सत्ता यांच्यापुढे एकट्या माणसाला साक्ष द्यायला उभं करायचं, आणि त्याच्यामागे राज्य म्हणून कुणीच उभं राहायचं नाही, मग तो उलटला की दोष त्याला द्यायचा, हा अन्याय आपण किती काळ चालवणार?

या बाबतीत कायदे कमी नाहीत. महाराष्ट्राने 2017 साली साक्षीदार संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी साक्षकेंद्रं उभारण्याचा आदेश 2017 मध्ये आला, त्याची व्याप्ती 2022 मध्ये वाढवून प्रत्येक जिल्ह्यात असं केंद्र हवं असं सांगितलं गेलं. दोन्ही निकाल महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणांतले होते. दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेता येते हे 2003 मध्ये डॉ. प्रफुल्ल देसाई यांच्या प्रकरणात ठरलं, तेही महाराष्ट्राचंच. तर मग बदली झालेल्या डॉक्टरची साक्ष तीन-तीन वर्षं का अडकते? कारण हे सगळं घडवून आणण्यासाठी कुणीतरी अर्ज करावा लागतो. साक्षीदाराला कोणती भीती आहे हे विचारावं लागतं. समन्स बजावण्यापलीकडे त्याला फोन करून सांगावं लागतं की उद्या या, तुमची साक्ष उद्याच घेऊ, तुम्हाला आरोपीच्या नातेवाइकांबरोबर व्हरांड्यात ताटकळत बसावं लागणार नाही. दहा वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्याने नोंदवावा, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 मध्ये आहे. तो लवकर नोंदवला गेला तर नंतरच्या दबावाला थोडा तरी अटकाव होतो. एकेका दिवसाला पन्नास-साठ प्रकरणांचा बोर्ड सांभाळणाऱ्या अभियोक्त्याकडून ही अपेक्षा एकट्याने पुरी होणार नाही. त्याच्या कार्यालयात साक्षीदारांची आणि पीडितांची विचारपूस करणारा एक प्रशिक्षित माणूस हवा. न्यायालयाच्या एका इमारतीवरच्या खर्चाच्या मानाने हा खर्च नगण्य आहे.

इथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळणं अप्रामाणिक ठरेल. सरकारी वकिलाला जास्त बळ, जास्त प्रतिष्ठा, जास्त पाठबळ दिलं तर तो शिक्षा मिळवण्याच्या मागे लागेल आणि निरपराध भरडले जातील, ही भीती खोटी नाही. जून 2003 मध्ये महाराष्ट्रातल्या एका कुटुंबावर हल्ला झाला. पाच जणांचे जीव गेले, अमानुष अत्याचार झाले. भटक्या जमातींतल्या सहा जणांना पकडलं गेलं आणि सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली. पुढे तेच प्रकरण पुन्हा उघडलं गेलं आणि 2019 च्या मार्चमध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवलं. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि ती नोंद न्यायालयासमोर आणलीच गेली नव्हती. सहा जणांची आयुष्याची सुमारे सोळा वर्षं गेली. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाईचा विचार करण्याचा आदेश दिला.

या प्रकरणाचा दुसरा अर्थ माझ्या मुद्द्याच्या मुळाशी जातो. सहा निरपराध माणसं फाशीच्या कोठडीत होती, त्या सगळ्या काळात ती पाच माणसं मारणारे कुठे होते? चुकीच्या माणसाला झालेली प्रत्येक शिक्षा खऱ्या मारेकऱ्याला दिलेलं अभय असते. आरोपीच्या बाजूचा कागद न्यायालयापुढे ठेवणारा सरकारी वकील हा गुन्हेगारीविरुद्ध मवाळ नसतो. खरा गुन्हेगार मोकळा राहू नये याची काळजी घेणारा तोच असतो. शिवाय ज्या पारधी वस्तीला, ज्या मुस्लिम मोहल्ल्याला, ज्या दलित वस्तीला सरकार पक्ष आपल्याशी सचोटीने वागेल असा विश्वास नाही, तिथला साक्षीदार पुढे येत नाही. त्यामुळे न्याय्य वागणं आणि गुन्हे रोखणं ही एकाच कामाची दोन अंगं आहेत. गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी प्रकरणात 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या सरकार पक्षाच्या वर्तनावर कडक ताशेरे ओढून फेरखटला महाराष्ट्रात पाठवला, तेव्हा उलट्या बाजूने हेच अधोरेखित झालं होतं. तिथे सरकार पक्ष आरोपींच्या सोयीने वागला, सहा निरपराधांच्या या प्रकरणात पोलिसांच्या सोयीने. दोन्हीकडे सत्य बाजूला पडलं.

म्हणूनच सरकारी वकिलाचं यश शिक्षेच्या टक्केवारीने मोजू नये. टक्केवारी वाढवायची सोपी वाट म्हणजे अवघड खटले टाळणं आणि दुबळ्या आरोपींना गुन्हा कबूल करायला लावणं. 2014 च्या जानेवारीत, गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला सांगितलं की सुटलेल्या प्रत्येक आरोपीचं प्रकरण तपासा, चूक तपासाची की अभियोगाची हे शोधा, ती प्रशिक्षणात शिकवा, आणि दोषींची जबाबदारी ठरवा. या आदेशातला शिकण्याचा भाग मला दंडाच्या भागाहून मोलाचा वाटतो. जिल्ह्यात गेल्या वर्षी मारहाणीचे किती खटले वैद्यकीय साक्षीअभावी पडले, किती पंच फुटले म्हणून, किती इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्र नव्हतं म्हणून, हे कुणी मांडून ठेवलं तर पुढच्या वर्षी काय दुरुस्त करायचं ते आपोआप दिसेल.

दारिद्र्य, व्यसन, बेकारी, जात, पुरुषी अहंकार ही हिंसेची मुळं आहेत, आणि कोणताही वकील ती उपटू शकत नाही, हेही खरं. शाळा, रोजगार, व्यसनमुक्ती यांचं काम दुसऱ्यांनी करायचं आहे. पण ते काम पिढी घेतं, आणि आज रात्री ज्या घरात मारहाण होणार आहे तिथल्या बाईला पिढीभर थांबता येत नाही. तिला आत्ता एवढंच हवं असतं की तिने केलेली तक्रार कुणीतरी शेवटाला नेईल.

मागण्या करायच्याच असतील तर त्या अशा असाव्यात. सत्र न्यायालयांतल्या सरकारी वकिलांच्या नेमणुका गुणवत्तेवर आणि पुरेशा निश्चित मुदतीवर व्हाव्यात, पक्षनिष्ठेवर नव्हे. अभियोक्त्यांची रिकामी पदं वेळेत भरली जावीत आणि एका अभियोक्त्याकडे किती खटले असावेत याची मर्यादा ठरावी. पोलीस आणि अभियोग दोन्ही गृह खात्याखालीच असल्याने संचालनालयाचं स्वातंत्र्य नियमांनी जपलं जावं. प्रत्येक जिल्ह्यात हिंसेच्या वारंवार येणाऱ्या प्रकरणांची, विशेषतः घरगुती हिंसाचाराची आणि टोळ्यांची, स्वतंत्र यादी ठेवून त्यांचा पाठपुरावा व्हावा. साक्षीदारांची काळजी घेणारा माणूस प्रत्येक अभियोग कार्यालयात असावा. आणि अभियोग संचालनालयाने जिल्हावार वार्षिक अहवाल मराठीत जनतेसमोर ठेवावा, ज्यात किती खटले का पडले हे लिहिलेलं असेल. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत रस्ते आणि पाणी यांवर आमदार तावातावाने बोलतात. तिथेच त्यांना विचारायला हवं की आपल्या जिल्ह्यात मारहाणीचा खटला उभा राहायला सरासरी किती वर्षं लागतात. या प्रश्नाचं उत्तर देणं ज्या दिवशी राजकीयदृष्ट्या अपरिहार्य होईल, त्या दिवसापासून तालुक्याच्या कोर्टातला सरकार पक्ष बदलू लागेल, आणि त्याच्याबरोबर खुनांचा आकडाही.